संपलेले सेल आणि सहावी ब

आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या सरांइतका गोंधळात टाकणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याची बदली आमच्याकडे होऊ नये एवढीच माझी प्रार्थना असायची. डोंबिवली पश्चिमेला, कोपरकडच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचो. ऐंशीच्या त्या दशकात 'पर्यावरण' हा शब्द मुलं फक्त निबंधात वापरत, तोही 'ऱ्हास'च्या आधी. सरांनी मात्र तो मनाला लावून घेतला होता. खडूचे तुकडे कुटून, पाण्यात कालवून ते नवे खडू पाडत. ते फळ्यावर उमटत नसत, हा भाग वेगळा. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ते नव्या चाचणीचे प्रश्न लिहीत. एकदा एका मुलाने कागद उलटून मागची उत्तरं उतरवली आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले, कारण सर प्रश्नही वाया जाऊ देत नसत. शिक्षकांच्या खोलीत आले की आधी पंखा बंद. "तीन माणसांना एवढा वारा कशाला?" असं ते खुद्द मुख्याध्यापकांना विचारत, आणि मुख्याध्यापक घाम पुसत त्यावर खरोखर विचार करत बसत.

अशात त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की फेकून दिलेल्या सेलमधलं विष जमिनीत उतरतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सहावी बच्या मुलांना सांगितलं, घरातले संपलेले सेल मला आणून द्या, मी ते योग्य जागी पोचवीन. योग्य जागा कुठली, ते मासिकात दिलेलं नव्हतं.

पण त्या काळी आमच्या घरांतून सेल संपतच नसे. टॉर्चमध्ये मंद झाला की तो ट्रान्झिस्टरमध्ये जायचा, तिथे खरखरला की भिंतीवरच्या घड्याळात, आणि घड्याळही थांबलं की खिडकीत उन्हाला. उन्हाने त्याच्यात पुन्हा जीव येतो यावर साऱ्या डोंबिवलीचा विश्वास होता, माझाही होता. मुलांनी नेमक्या खिडक्या साफ केल्या. त्यात आमचे चिरंजीवही होते. दोन दिवसांत पालकांची रीघ लागली. जुन्या गावातले एक दांडगे गृहस्थ, ज्यांच्या शेतावर अर्धी कॉलनी उभी होती, टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "मास्तर, आमचे सेल तेवढे द्या. संपले नव्हते, उन्हात ठेवलेले." सगळे सेल एकाच रंगाचे. सरांनी वायर आणि टॉर्चचा बल्ब आणून एकेक सेल तपासायला घेतला. बल्ब जरा लालसर झाला की आठ जण म्हणत हा आमचा. न पेटलेला सेल कोणाचाच नसे. शेवटी हाताला लागतील ते दोन-दोन उचलून सगळे घरी गेले. मीही दोन उचलले. ते कोणाचे होते देव जाणे, चालले मात्र नाहीत.

उरलेल्यांनी बिस्किटांचे दोन मोठे डबे भरले. शनिवारी शाळा सुटल्यावर सर मला घेऊन वागळे इस्टेटमधल्या सेलच्या एका कारखान्याच्या फाटकावर गेले. वॉचमनला वाटलं आम्ही तक्रार घेऊन आलोय, त्याने बदलून मिळणार नाहीत म्हणून सांगितलं. एका कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, हा कचरा आहे का? सर म्हणाले, नाही. मग सामान आहे का? तेही नाही. मग आमच्याकडे नाही, म्हणून त्याने हात झटकले. भंगारवाला वरच्या पितळी टोप्या घ्यायला तयार झाला, बाकीचं गटारात टाकीन म्हणाला. सरांनी डबे छातीशी धरले आणि चालू लागले.

सोमवारी मी त्यांच्या वर्गावरून जात होतो. खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातली एक मुलगी उभी राहिली होती. "सर, सेल कुठे पोचवले? बाबा म्हणतो, खाडीतच टाकले असणार." मी दारातूनच सरांना खूण केली, कारखान्यात दिले म्हणून सांगा आणि मोकळे व्हा. सरांनी मला पाहिलं. मग हातातला खडू खाली ठेवला.

"अजून कुठेच नाही पोचवले. कुठे पोचवायचे ते मला माहीत नाही. कळलं की तुम्हाला सांगीन."

वर्ग गोंधळून एकमेकांकडे बघू लागला. शिक्षकाला माहीत नसतं, हे त्यांना नवीन होतं. त्या आठवड्यात सरांनी पंखा बंद केला नाही.

डबे या कपाटातून त्या कपाटात फिरत राहिले. सेल पाझरू लागले, तशी सरांनी त्यात वाळू भरली. नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले, तेव्हा सहावी बची ती मुलं कॉलेजात पोचली होती. निरोपाला शाल-श्रीफळ झालं आणि सर बोलायला उठले. आम्हाला आठवणींची अपेक्षा होती. ते म्हणाले, "एका वर्गाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मला ती अजून कळलेली नाही." आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणालाच समजेना. मला मात्र वर्गाच्या दारातून केलेली ती खूण आठवली आणि माझी मलाच लाज वाटली.

मग ते रिक्षात बसले. वहिनींच्या मांडीवर शाल आणि नारळ, सरांच्या मांडीवर दोन्ही डबे. मला त्यांची माफी मागायची होती. इतक्या वर्षांनी ती कशी मागतात हे काही सुचलं नाही, म्हणून मी नुसतं सांभाळून जा म्हणालो.