नमुन्याच्या घरातली चूल

‘‘चप्पल काढा. आणि ते घड्याळही. फोटोत बरं दिसत नाही.’’

आमची वसाहत आखणाऱ्या आर्किटेक्ट बाई मला म्हणाल्या. मी कारखान्यातली पॅकिंगची पाळी संपवून तशीच आले होते. चप्पल काढली. घड्याळ काढलं. मग त्या म्हणाल्या, ‘‘आता उकिडव्या बसा. घरी बसता तशा.’’

घरी मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसते. तरी बसले उकिडवी. पन्नाशीची बाई, गुडघे कुरकुरतायत, समोर रिकामं जातं. ते फिरवायचं, पण दळायचं नाही. वसाहत बघायला आलेल्या पाहुण्यांच्या कपड्यांवर पीठ उडेल. चूल मांडायची, पेटवायची नाही. सोंगं काढायची मला भारी हौस. लग्नात मी घोडासुद्धा झालेय. पण हे सोंग? एका पाहुणीने माझ्या केसांना हात लावून पाहिला, आणि पर्समधून बाटली काढून तोच हात औषधाने चोळचोळून पुसला. माझ्यासमोर. किळस मला यायला हवी होती. तिला आली.

हे घर कुठलं ते सांगते. मासवणकडचा आमचा पाडा मोठ्या रस्त्यासाठी उठवला आणि आम्हाला इकडे, कुंभवलीच्या पलीकडे, कारखान्यांच्या कडेला आणून टाकलं. त्याआधी बाईंनी आम्हाला गोल बसवून विचारलं होतं, कसं घर हवं? आम्ही सांगितलं, चूल पेटवता येईल एवढी जागा, आणि दारात मांडव घालता येईल असं अंगण. ‘किती सुंदर’ म्हणाल्या. आम्ही लाजलोसुद्धा. काय येडे!

मिळाल्या सिमेंटच्या खोल्या, पाठीला पाठ लावून. अंगण नाही. रस्त्याकडची बाजू शोभिवंत दिसावी म्हणून स्वयंपाकाच्या खिडक्या मागे, नाल्यावर. नाल्यात कधी पिवळं पाणी, कधी हिरवं. भात इकडे शिजतो, आंबट वाफ तिकडून घशात जाते. मधल्या मोकळ्या जागेत हिरवळ, तिला कुंपण. आणि हिरवळीवर नमुन्याचं ‘पारंपरिक घर’. कुडाच्या भिंती, पेंढ्याचं छप्पर. छप्पर पेलणारा मधला खांब, मेढ, तर आमच्याच घरातली. बुलडोझर फिरला तेव्हा ठेकेदाराने उचलून नेली होती. माझ्या आयशीने कंदिलासाठी ठोकलेला खिळा तिला अजून आहे.

म्हणजे बघा. खरं पाडलं, खोटं बांधलं, आणि त्यात मला बसवलं.

पुढे माझ्या मुलीचं, कमळीचं लग्न ठरलं. सोयऱ्यांनी विचारलं, मांडव कुठे? मी वसाहतीच्या कार्यालयात गेले. हिरवळीवर मांडव चालणार नाही, गवत मरेल. मग सभागृह? ते पाहुण्यांसाठी. घरी येऊन सांगितलं तर कमळी म्हणाली, ‘‘आये, आमाला हितं रवायला आणलंय का बगायला ठेवलंय?’’



आठवड्याने कार्यालयाचा निरोप आला. नवे पाहुणे येणार, बसायला या. शेजारची येसूकाकी हसली. ‘‘जा गो नटे, मेकप कर.’’ गेले. चप्पल काढली, घड्याळ काढलं, शहाण्यासारखी उकिडवी बसले. पदरात काडेपेटी आणि सुके बोंबील.

बाहेर बाईंचं भाषण रंगात आलं, आम्ही यांची संस्कृती जपली वगैरे, आणि आत मी चूल पेटवली. शोभेची लाकडं, खडखडीत वाळलेली. काय झकास पेटली! निखाऱ्यावर बोंबील टाकले. नाल्याच्या वासाला ज्यांचे रुमाल निघाले नव्हते, त्यांचे बोंबलाला निघाले.

बाई धावत आल्या. ‘‘विझवा आधी. हे राहायचं घर नाही, नमुना आहे.’’

मी उठून उभी राहिले. मेढीला हात लावला. ‘‘ही मेढ माझी हाय. चूल पेटली, आता ह्ये घर हाय. मी नाय उठत.’’

पाहुणे गाडीत बसले. येसूकाकी कुंपणावरून पाय टाकून आली, मागून बाकीच्या बायका, तांदळाच्या भाकरी घेऊन. त्या दिवशी आम्ही तिथेच जेवलो.

आता कार्यालयाचा माणूस रोज येतो. जागा खाली करा, सांगतो, जातो. चूल आम्ही पाळीपाळीने पेटती ठेवलीय. मन शांत झालं वगैरे काही नाही. तो पुसलेला हात अजून आठवतो. आठवू दे. विसरायचं नाही मला.

कमळीच्या मांडवाच्या मेढी याच हिरवळीत रोवणार. पहिला खड्डा मी खणणार. चप्पल घालून. घड्याळ बांधून.