म्हशीवाल्याला मत

ट्रॉली भरावावरून घसरून ओढ्यात आडवी झाली आणि चिखलावर सासऱ्यांचा नुसता फेटा दिसू लागला. फेट्याखाली सासरे आहेत की नाहीत, ते वरून कळेना. घोषणा देत ट्रॉली सावकाश चालली होती, म्हणून मी मागून पायीच पण जवळ होते. लुगडं खोचलं आणि खाली उतरले. बाया किंचाळत होत्या. धाकटी जाऊ "माजी चप्पल, माजी चप्पल" करत होती. चप्पल आठवते म्हणजे ही मरत नाही, एवढं कळलं. तिला ओलांडून मी फेट्याकडे गेले.

फेट्याखाली सासरे होते. पाय ट्रॉलीच्या फळीखाली आणि तोंडात चिखल. चिखल थुंकून म्हणाले, "आदी उमेदवाराला काडा!"

"उमेदवार कवाच निगाला, मामंजी. ट्रॉली कलंडली तवा तुमच्याच खांद्यावर पाय देऊन त्यानं पयली उडी टाकली."

वर रस्त्यावर उमेदवार धोतर झटकत होता. मागून पक्षाची जीप आली, तिच्यात बसला, "मतदान थांबू देऊ नका!" असं आम्हाला ओरडून सांगितलं आणि गेला.

या उमेदवाराला आम्ही बाया म्हशीवाला म्हणायचो. बहात्तरच्या दुष्काळात हाच रस्ता आम्ही केला. खडी आम्ही फोडली, देखरेख त्याची. दुपारी पोटाला सरकारची सुकडी यायची, ती वाटायचा तोच. आम्हाला ओंजळभर, बाकीची त्याच्या म्हशीला. त्या वर्षी आमच्या भागात अंगावर मांस होतं ते तेवढ्या म्हशीच्या. सासऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहून वर, दूध किती देते म्हणून विचारूनही आले होते.

रस्ताही त्यानं म्हशीसारखाच केला, म्हणजे वरून तुकतुकीत. आत मुरूम किती पडला ते त्या दिवशी ट्रॉलीला समजलं.

पुढे जिल्हा परिषदेला पक्षानं तिकीट दिलं ते यालाच. सुकडीची तक्रार घेऊन वडूजला मामलेदारापर्यंत गेलेला कार्यकर्ता त्याच पक्षाचा, पण त्याला तिकीट नाही. तो अपक्ष उभा राहिला. माणूस चोख, हे सासरेही मान्य करायचे. पण सासरे इंग्रजांच्या काळात पक्षासाठी तुरुंगात गेलेले. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा होता तो पक्षाच्या खालच्या पायरीवर.

"पक्षानं दगूड हुबा केला तरी मत दगडाला," ते म्हणायचे.

"दगूड परवडला, मामंजी. दगूड सुकडी खात न्हाई."

मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी देवापुढं बेल-भंडारा ठेवला. तो उचलून शब्द दिला की फिरता येत नाही. त्यांनी स्वतः उचलला, सासूबाईंनी उचलला, जावेनं उचलला. माझा नवरा फौजेत होता म्हणून सुटला.

"उचल," मला म्हणाले.

"न्हाई. म्हशीवाल्यापायी देवाला मदी घालायचं न्हाई."

"मग पक्षाच्या ट्रॉलीत बसायचं न्हाई."

"न्हाई बसत."

मतदान शेजारच्या गावात. म्हणून शपथ घेतलेले ट्रॉलीत आणि मी पायी. शपथ घेतलेले ओढ्यात गेले आणि मी काठावर राहिले, यात देवाचा हात होता असं मी म्हणत नाही. सासूबाईंसमोर मात्र म्हटलं.

रानातली माणसं धावून आली, फळी उचलली. सासऱ्यांचा घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणाले, "आदी मत." माझ्या खांद्यावर हात टाकून लंगडत निघाले. वाटेत आपल्या खांद्यावरचा चिखल निरखला.

"खांद्यावर पाय दिला व्हय गं त्यानं?"

"बुटासकट."

चार पावलं लंगडत गेले आणि म्हणाले, "पन भंडारा उचललाय."

"मग द्या की म्हशीवाल्याला."

"तू गप बस."

केंद्रात पडद्यामागं गेले ते बाहेरच येईनात. अधिकारी दोनदा खाकरला. तिसऱ्यांदा म्हणाला, "आजोबा, झोपलात काय?" आतून आवाज आला, "इच्यार करतोय. त्याला बंदी हाय का?"

शेवटी आले. घडी पेटीत टाकली. मी माझं मत अपक्षाला दिलं, त्याला काही वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर विचारलं, "कुनाला?"

"दोगास्नी. एक शिक्का पक्षाला, एक मानसाला."

"आवं, असं मत बाद हुतं!"

"हुंदे. शबूद बी ऱ्हायला आन लाज बी ऱ्हायली."

म्हशीवाला निवडून आला. खचलेला भराव दुरुस्त करायचं कामही त्याच्याच भाच्याला मिळालं. सासरे पक्षाच्या सभांना जात राहिले, लंगडत. पण परत कुणाला भंडारा उचलायला लावला नाही.

त्या दिवशी ट्रॉलीतलं कुणी मेलं नाही. पुढे एकेक करून सगळे गेले, सासरे, सासूबाई, म्हशीवालाही. आता त्यातली धाकटी जाऊ तेवढी आहे, आणि पायी आलेली मी.