कामठीच्या लग्नातली रिकामी खुर्ची

आधीच सांगते, मी भूतबित मानत नाही. ज्यांच्या घरी हे घडलं ती माणसंही मानत नाहीत. बौद्ध कुटुंब, भिंतीवर बाबासाहेब, अंगारे-धुपारे दाराबाहेर. तेव्हा खाली 'भास असेल' असं लिहायची घाई करू नका... भास कसा तयार करतात ते मला माहीत आहे. माझं पोटच त्यावर चालतं.

मी जत तालुक्यातली. नववीत शाळा सुटली, मावशीच्या ओळखीनं इतक्या लांब नागपूरला आले. मेडिकल चौकाजवळ सुधीरदादांचा लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. मला माउस धरता येत नव्हता, तिथपासून त्यांनी एडिटिंग शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. आणि एखाद्या चुकीवरून त्यांनी घरी पाठवलं तर, ही धास्तीही जात नाही.

या उन्हाळ्यात कामठीच्या एका लग्नाचं काम आलं. नवरीचे वडील लग्नाच्या काही महिने आधीच वारले होते. जन्मभर पॉवरलूमवर काम केलेला माणूस. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही.

फिल्ममध्ये मी तीन तुकडे जोडले. नवरी डावीकडे बघते. पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची. नवरी हलकंसं हसते. खरं तर तिला मैत्रिणीनं हाक मारली होती, खुर्चीतला पाहुणा जेवायला उठला होता, आणि ते हसू बुद्धवंदनेनंतरचं होतं. पण शेजारी शेजारी ठेवलं की बघणारा मधला अर्थ स्वतःच भरतो. आमचा धंदाच हा.

दादा भडकले. "लग्नाच्या फिल्ममंदी रिकामी खुर्ची काहून टाकली? घरचे लोक रडतीन. काढ ते."

दादांना मी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. घरच्यांना फिल्म नाही आवडली तर गावाला परत जाते, असंही बोलून गेले.

"मंग बॅग भरूनच चाल," दादा म्हणाले.

रविवारी दुपारी नवरीच्या माहेरी टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. नवरा-नवरीसोबत नवरदेवाच्या बहिणीचे यजमान, भंडाऱ्याचे जावई, तेही आले होते. हे स्थळ ठरलं तेच वडील गेल्यावर, म्हणजे त्यांनीही नवरीच्या वडिलांना कधी पाहिलेलं नाही. तो शॉट आला, गेला. कोणी रडलं नाही. जावई सहज नवरदेवाला म्हणाले, "पहिल्या रांगेत पँटवरचं सूत वेचून राहिले होते, ते कोण गा?"

सगळे जावयांकडे वळले.

काकू, म्हणजे नवरीची आई, हळूच म्हणाल्या, "लूमवरून आले का तेच करत ते... बसल्या बसल्या."

घरातल्या सगळ्यांना ते दिसले होते. दादांना आणि मला मात्र नुसती खुर्ची. मी मागे घेऊन थांबवलं, तर रिकामी, सगळ्यांनी कबूल केलं. एकटा तो तुकडा चालवला, तरी रिकामी. मग नवरीच्या दोन नजरांच्या मधे चालवला... काकूंचा हात तोंडावर गेला.

"आम्ही असलं काही मानत नाही वं," त्या म्हणाल्या. "पण बसले होते ते." मग टीव्हीकडे बोट करून, "तेवढं थोडं लांबव ना पोरी."

दादांनी मला मानेनंच खुणावलं – लांबव. शॉट लांबला की डोळ्याला निरखायला वेळ मिळतो, आणि निरखली की खुर्ची ही खुर्चीच असते.

"नाही काकू," मी म्हटलं. "लांबवलं तर तुम्हाला खुर्ची दिसंल."

काकू म्हणाल्या, "मंग राहू दे. हायेत तेवढे हायेत."

परतताना शेअर ऑटोत माझ्या मांडीवर बॅग होती. मी खरंच भरून नेली होती. मेडिकल चौकात उतरताना दादा म्हणाले, "खोल आता ते बॅग."

तर म्हणा भास. खुर्चीत कोणीतरी आहे असं वाटायला लावणं माझं काम होतं, ते मी केलं, नाकारत नाही. पण सूत वेचणं मी जोडलं नव्हतं. ते माझ्याकडे नव्हतंच! जावयांना कुठून दिसलं, मला सांगता येत नाही, आणि येत नाही म्हणून ते झालंच नाही असंही मी म्हणणार नाही.

ती फिल्म मी पुन्हा पुन्हा बघते. मला खुर्ची रिकामीच दिसते. कट कुठे आहे हे मला माहीत आहे ना...