अण्णांच्या वाळूचं कुलूप

फौंड्रीच्या मागं भंगार साठतं, तसे हे किस्से साठलेत. टाकवत न्हाईत. आम्ही एमआयडीसीतले पाच फौंड्रीवाले, साच्यात लोखंड ओतणारे, एकमेकांचं तोंड न बघणारे. कॉलेजातनं रिटायर झालेले आमचे सर म्हणाले, "एकत्र या की रे! माल स्वस्त पडंल, मोठी ऑर्डर घेता येईल!"

पहिल्यांदा भट्टीत जाळायचा कोक, म्हणजे कोळसा, एकत्र मागवला. दर झकास मिळाला! पण ट्रक उतरायचा कुणाच्या दारात? कुणाचा कुणावर भरवसा न्हाय. शेवटी रस्त्याकडंला उतरला आणि राखायला पाच वॉचमन बसले. सरांनी कपाळावर हात मारला, "वाचवलंत ते राखणीत घाला!"

आमच्या पाचांत सगळ्यात हट्टी बसगोंडाअण्णा. साच्याच्या वाळूत काय किती घालायचं, हे त्यांचं गुपित. कालवायच्या खोलीला दणकट कुलूप, चावी कडदोऱ्याला! आमचीबी गुपितं होती म्हणा.

पुढं वाळू तपासायचं मशीन सामाईक घेतलं. पाचजण पाच पुड्या घेऊन आलो, लग्नाची मुलगी लपवल्यागत. रिपोर्ट आले. पाची एकसारखे! पाचीजणांकडं वाळूचं प्रमाण बसवून दिलेल्या महादूमिस्त्रीला बोलावलं. म्हातारा शांतपणे म्हणाला, "परत्येकानं शपथ घातलीती, कुणाला सांगू नगोस. म्या सांगितलं न्हाय की!"

आम्ही पोट धरून हसलो. अण्णा मात्र भडकले आणि ग्रुप सोडून गेले. मला लई वाईट वाटलं.

वर्षभरानं अण्णांना पुण्याची पंपाच्या भागांची ऑर्डर मिळाली, त्यांच्या जन्मातली सगळ्यात मोठी. माल गुरुवारी द्यायचा आणि सोमवारी भट्टीला तडा! ऑर्डर गेली असती तर चाळीस माणसं घरी बसली असती. अण्णा माझ्या गेटाशी येऊन उभे. आत येईनात.

मी म्हटलं, "पावणं, आत या की!"

"थट्टा नगा करू. भट्टी गेली माझी."

चौघं जमलो. त्यांचे पॅटर्न, म्हणजे साचे पाडायचे नमुने, आमच्याकडं वाटून घेतले. सरांनी शंका काढली, "पण अण्णांची वाळू वेगळी असंल तर?"

सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. आणि पहिल्यांदा अण्णाच खदाखदा हसले!

गुरुवारी माल गेला. एकबी नग परत आला न्हाय.

पुढच्या सोमवारच्या मीटिंगला अण्णा आले. कडदोऱ्याची चावी सोडून टेबलावर ठेवली.

सर म्हणाले, "खोलीची? आम्ही काय करू हिचं?"

"ठिवा की. कुलूप इहिरीत टाकलंय!"