सगळ्या मुलींची एकच अट

समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची वेबसाइट डिंपलने फुकटात करून दिली, तेव्हा सौंसरातल्या निम्म्या लोकांनी तिला बावळट ठरवलं. कापडदुकानदार केशवरावांची ही मुलगी बोरगावच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसते आणि घरी आली की जावास्क्रिप्ट या भाषेत प्रोग्राम लिहिते.

तिने आधी एक 'नमुना मुलगी' तयार केली. वय काढायची रीत, फोटोची चौकट, अपेक्षांची यादी, सगळं त्या नमुन्यात. प्रत्येक मुलीची नोंद त्यालाच जोडलेली. मुलीच्या नोंदीत जे सापडत नाही, ते कॉम्प्युटर वरच्या नमुन्यात शोधतो. याला प्रोटोटाइप म्हणतात. आमच्याकडे साखर संपली की वाटी घेऊन मोठ्या आईकडे, म्हणजे थोरल्या काकूकडे जातात, तसंच हे.

माहिती पाठवली होती बापांनी. मुलींच्या अपेक्षांची जागा झाडून सगळ्यांनी कोरी सोडलेली. डिंपलने स्वतःच्या नोंदीत मात्र लिहिलं, लग्नानंतर नोकरी सोडणार नाही. केशवराव म्हणाले, काढ ते, रविवारी पांढुर्ण्याचे पाहुणे येणार आहेत. तिने काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ओळ यच्चयावत मुलींच्या नावाखाली झळकली. चूक डिंपलचीच होती. कुठल्याच नोंदीला तिने वेगळी यादी दिली नव्हती, त्यामुळे तिची अट थेट नमुन्यातल्या सामाईक यादीत जाऊन बसली. बापलोकांचे फोन सुरू झाले. पांढुर्ण्याच्या पाहुण्यांनी येणं रद्द केलं आणि केशवरावांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ते तिला फार लागलं.

रडून झाल्यावर तिने दुरुस्ती केली. प्रत्येक मुलीला आपापली रिकामी यादी मिळाली. अट तिच्या एकटीच्या नावाखाली उरली.

संध्याकाळी वेबसाइटवर नोंद असलेल्या रामाकोन्याच्या स्मिताने फोन करून आपली ओळ कुठे गेली म्हणून विचारलं. ती चुकून आली होती, तुझ्या बाबांनी जागा कोरीच दिली होती, असं डिंपलने समजावलं.

"बाबानं देली कोरी. मले कोनी इचारलं होतं का?" स्मिता म्हणाली. "टाक ताई परत ती ओळ."

डिंपलने टाकली. केशवराव शेजारीच बसले होते. अबोला विसरून त्यांनी विचारलं, "तिच्या बापाले इचारलं काय?"

"नाही बाबा. यादी तिची हाये."

केशवराव उठून दुकानात गेले. डिंपलची ओळ काढायला त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.