राखून ठेवलेलं बटण

शिवणाऱ्या बाईंचा 'उद्या' सगळ्या गल्लीला ठाऊक होता. कपडा टाकताना त्या जो वार सांगतील त्या वारी तो हातात पडला, असं कुणाच्या आठवणीत नव्हतं. गिऱ्हाईक आलं की मशीनवरून मान वर न करता त्या म्हणायच्या, "उद्या या, नक्की." फारच कुणी अडून बसलं तर, "एक बटण राहिलंय, बसा जरा."

लोकांना वाटे, बाई आळशी. खरं तर कपडा कधीचाच शिवून, इस्त्री होऊन पडद्यामागे टांगलेला असे. फक्त एक बटण त्या राखून ठेवत. ही खोड त्यांच्या आईची. आई पायांनी अधू झाल्यावर दाराशी खुर्ची टाकून बसायची. पाय गेले तरी तोंड शाबूत होतं. तिनंच सांगून ठेवलं होतं, "पुरा कपडा हातात दिलास तर माणूस उंबऱ्यातूनच मागे फिरतो. एक बटण ठेव. तेवढ्यात दोन शब्द होतात." पुढे आई गेली. खुर्ची राहिली, आणि बटणही राहिलं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत गॅस, खाट आणि देवाचा कोनाडा. एवढाच संसार.

सगळ्यांत जास्त फेऱ्या मारायचे ते पलीकडच्या रस्त्यावरचे घड्याळवाले काका. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. कधी कॉलर उलटवायची, कधी खिशाचं भोक बुजवायचं, काही ना काही असायचंच. भोक ते स्वतःच पाडतात असा बाईंना दाट संशय होता. खुर्चीत टेकत ते म्हणायचे, "माझ्या दुकानात भिंतभर घड्याळं आहेत बाई, पण तुमचा उद्या एकातही वाजत नाही." बाई दातानं दोरा तोडत म्हणायच्या, "तुमची घड्याळंच पुढे पळतात काका, मी काय करू?" हा विनोद वापरून वापरून पार झिजला होता, तरी दोघं हसायचे.

बिघडलं ते फोनमुळे. दिवसभर तो वाजायचा, आणि विचारणं एकच, झालं का? एकदा वाजला तेव्हा बाई दचकल्या आणि चालत्या मशीनची सुई बोटातून आरपार गेली. धाकटी बहीण दुसऱ्या शहरात कचेरीत होती. तिनं ऐकलं आणि आपला जुना लॅपटॉपच पाठवून दिला. म्हणाली, उत्तरं द्यायला एक मदतनीस बनव.

"मी बनवू? मी काय इंजिनिअर आहे?" बाई म्हणाल्या.

"चोळी बेततेस ना? मग हेही बेतशील," बहीण म्हणाली.

आणि गंमत अशी की ते खरंच बेतण्यासारखं निघालं. प्रोग्राम वगैरे लिहायचा नव्हता. लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोन होते, ते ओढून आणायचे आणि रेघांनी जोडायचे. एका चौकोनात गिऱ्हाइकाचा निरोप यायचा. दुसऱ्यात एआय तो वाचून माणसाला काय हवंय ते ओळखायचं. तिसरा चौकोन बाईंनी कपड्यापुढे 'तयार' अशी खूण केली आहे की नाही ते बघायचा, आणि चौथा उत्तर धाडायचा. बाही आणि मुंढा जोडताना खुणेला खूण लावतात, तसंच हे. बाई व्हिडिओ बघायच्या, चुकायच्या, उसवायच्या, पुन्हा जोडायच्या. मध्येच एक रेघ भलतीकडे लागली आणि बहिणीला भर मीटिंगमध्ये निरोप गेला, 'आपली विजार तयार आहे.' ती आठवडाभर चिडवत होती.

त्या मदतनिसाला बाई ठकी म्हणू लागल्या. ठकीनं कसं बोलावं, हे एका चौकोनात मराठीतच लिहायचं होतं. बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं, 'नम्र बोल. कामापुरतंच बोल. काम झालं नसेल तर लोकांना उगाच फेरी मारायला लावू नकोस.' परक्याच्या पायांना त्रास नको, एवढाच त्यांचा हेतू होता.

ठकी शब्दाला पक्की निघाली. लोक आता निरोप लिहूनच विचारू लागले आणि फोन गप्प झाला. ती तयार म्हणाली की माणसं यायची, कपडा घ्यायची, उंबऱ्यातूनच परत जायची. कारण 'तयार'ची खूण करायची तर बटण आधी लावावं लागे. खोटी खूण बाईंच्या हातून होईना. तोंडचा 'उद्या' वेगळा, तो सगळेच समजून घेत. लिहिलेलं तसं नसतं.

खुर्चीवर धूळ बसू लागली. बाई पुसायच्या. संध्याकाळी दिवा लावून मशीनशी बसायच्या, आणि खोलीत मशीन थांबलं की काहीच उरायचं नाही.

काकांचा कोट तेवढा राहिला होता. अस्तर बदलायला टाकताना ते म्हणाले होते, "थंडीच्या आत द्या बाई. यंदाची थंडी कुठे काढायची, ते पोरगा ठरवणार म्हणतोय." बाईंनी अस्तर मन लावून घातलं. आणि फक्त याच कोटाचं, जुन्या सवयीनं, मधलं बटण राखून ठेवलं. ते आले की लावू, मग खूण करू. काका आले नाहीत. उद्या येतील, बाईंनी स्वतःलाच सांगितलं. तरी आले नाहीत. दुसरा शिंपी गाठला असेल, असंही मनात येऊन गेलं. गिऱ्हाइकाच्या दारात आपण कपडा घेऊन जायचं नाही, हा आईचा दंडक होता.

मग बहिणीनं फोनवर सहज विचारलं, ठकी काय काय बोलते ते कधी वाचतेस की नाही? बाई म्हणाल्या, वाचायचंच असतं तर तिला कशाला बनवली असती? तरी त्या दुपारी त्यांनी उघडून पाहिलं.

काकांचे निरोप एकाखाली एक होते.

'झाला का कोट?' ठकी म्हणाली होती, काम अजून झालेलं नाही, कृपया फेरी मारू नये.

'बरं. आज गुडघा फार दुखतोय.' ठकी म्हणाली होती, आपल्या कपड्याविषयी काही विचारायचं आहे का?

'तुमचा उद्या अजून वाजला नाही वाटतं.' ठकी म्हणाली होती, काम झाल्यावर कळवण्यात येईल.

शेवटचा निरोप असा होता. 'बाई, तुम्ही फार कामात दिसता. आता त्रास देत नाही.'

हे यंत्र बोलतंय असं ठकीनं कुठेच सांगितलं नव्हतं, कारण बाईंनी तिला ते लिहून दिलंच नव्हतं. काकांच्या लेखी ही सगळी उत्तरं बाईंचीच होती.

कोट, बटण आणि दोरा ओवलेली सुई घेऊन त्या तशाच निघाल्या. आईचा दंडक आठवला, पण पाय थांबले नाहीत. दुकानाचं शटर खाली होतं. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "ते गेले की. मुलगा येऊन त्याच्या शहरात घेऊन गेला. घड्याळं सगळी विकून टाकली." कोटाबद्दल काही म्हणाले का, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, "म्हणाले, शिवणाऱ्या बाई कळवतील."

परत येऊन बाईंनी देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. मग लॅपटॉप उघडला. 'कामापुरतंच बोल' खोडलं. त्याच्या जागी लिहिलं, 'आधी सांग की तू यंत्र आहेस. कुणी दुखण्याखुपण्याचं बोललं तर उत्तर देऊ नकोस, मला हाक मार.' ठकीनं ते निमूट घेतलं.

काकांना मात्र त्यांनी स्वतःच्या फोनवरून, एका बोटानं, स्वतः लिहिलं. 'काका, ते मी बोलत नव्हते. मी बनवलेलं यंत्र बोलत होतं. माझं चुकलं. कोट कधीचा झालाय. मधलं बटण तेवढं तुम्ही आल्यावर लावायचं म्हणून ठेवलंय. या. बसा जरा.'

देवापुढचा दिवा विझत आला तरी उत्तर नव्हतं. बाई पडद्यामागे कोटाची बाही सरळ करत होत्या, तेव्हा फोन वाजला.

'उद्या येतो, नक्की.'

मुलाचं शहर किती लांब आहे, ते बाईंना ठाऊक होतं. आणि हा उद्या कसला, ते तर त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या एकट्याच हसल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला. सुई तशीच ओवलेली होती. ती त्यांनी कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली आणि बटण कोटाच्या खिशात टाकलं.

सकाळी दुकान उघडलं तेव्हा खुर्ची पुसून त्यांनी दाराशी ठेवली.