मी लिहिलेलं तंबाखूचं कलम

कंपनीत नोकरी करणाऱ्या वकिलाला आमच्याकडे कोणी वकील मानत नाही. काळा कोट नाही, तारीख नाही, पक्षकार नाही. देऊळगाव राजाच्या स्टँडवर कोणी नातेवाईक भेटला की हमखास विचारतो, "काऊन बे, कोर्टात नाही जात? चालली नाही का वकिली?" मी हसतो. चालली नव्हतीच, पण हे त्याला कोणी सांगितलं देव जाणे.

मी बियाण्यांच्या कंपनीत आहे. कंपनी शेतकऱ्यांकडून नेटमध्ये, म्हणजे जाळीच्या बंदिस्त मांडवात, टोमॅटोचं संकरित बी तयार करून घेते आणि त्यांचे करार मी लिहितो. त्यातल्या एका कलमाचा मला भारी अभिमान होता. तंबाखूचा हात टोमॅटोच्या झाडाला लागला तर तंबाखूतला रोग हातावरून झाडात जातो, झाडातून बियाण्यात. म्हणून मी लिहिलं, 'कोणतीही व्यक्ती' तंबाखू खाऊन नेटमध्ये शिरल्यास अख्खा प्लॉट नाकारला जाईल, त्यातलं बी कंपनी घेणार नाही. कोणतीही व्यक्ती! पळवाट म्हणून ठेवली नाही. हे लिहिताना माझ्या स्वतःच्या गालात तंबाखू होती, याची मला तेव्हा गंमत वाटली होती.

एक दिवस मॅनेजर म्हणाले, "विधी विभागाचं प्रमुखपद तुम्हालाच द्यायचंय, पण आधी जरा लीडर व्हा." आणि मला संभाजीनगरच्या एका हॉटेलात नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला धाडलं.

त्या हॉलचा वास अजून नाकातून जात नाही. ओलसर गालिचा, थंडगार पनीर आणि टाय लावलेले आम्ही सगळे कंपन्यांचे वकील गोल करून बसलेलो, एकमेकांकडे लोकरीचा गुंडा फेकत. ज्याच्या हाती गुंडा येईल त्याने आपली भीती सांगायची. एक जण रडला. त्याला मिठी मारायची पाळी माझी आली, आणि त्याने लावलेलं अत्तर माझ्या शर्टाला दोन धुण्यांपर्यंत चिकटून राहिलं. गालाशी माइक लावलेला प्रशिक्षक ओरडत होता, "कंपनीचा वकील म्हणजे ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर! 'नाही' हा शब्द आजपासून डिलीट! टेबलामागून उठा, मातीत उतरा!" ज्यांचं पोट 'नाही' म्हणण्यावर चालतं, त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

परत आल्यावर मी खरंच मातीत उतरलो. गाडीतच तंबाखू मळली, चुना लावला, गालात दाबली आणि आमच्याशी करार केलेल्या एका बाईंच्या शेतावर गेलो. शेत त्यांचं, नेट त्यांचं, टोमॅटोचा सगळा कारभार त्यांच्याच हाती. नेटच्या दाराशी दूध पावडर कालवलेल्या पाण्याची बादली होती. आत जाणाऱ्याने त्यात हात बुडवायचे, म्हणजे हाताला रोग असला तर मरतो. ही बादली मजुरांसाठी असते असं धरून मी तिला वळसा घातला.

आत बायका चिमट्याने कळ्यांमधला नरभाग काढत होत्या. मी एकीच्या हातातून चिमटा घेतला, ओळीतून चालत कळ्या चाचपू लागलो. बाईंकडे मोबाइल देऊन म्हणालो, "ताई, एक फोटो काढा." त्यांनी काढला. मी लगेच तो कंपनीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'टेबलामागून मातीत.'

बाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. "वकीलसाहेब, गाल काऊन फुगला हो तुमचा?"

मला बोलता येईना. तोंड भरलेलं होतं.

"थुका. इथं नाही, भायेर!" मी बांधापलीकडे पळालो. मागून आवाज आला, "बादली दिसली नाही का तुमाले? का दूध पिऊन आलते?" आत हसू फुटलं. त्या मात्र हसल्या नाहीत. "ह्याच बांधावर उभं राहून कागद वाचून दाखवला व्हता तुमी. कोनतीबी व्यक्ती. आता माह्या प्लॉटचं काय? सांगा."

मी सरळ गाडी गाठली.

ऑफिसात मॅनेजर वाटच बघत होते. गुणवत्तेवाल्यांनी फोटो मोठा करून बघितला होता. गाल स्पष्ट, हात कळीवर.

"एक ओळ लिहून द्या," मॅनेजर म्हणाले. "मजुराच्या तोंडात तंबाखू सापडली. प्लॉट रद्द, विषय संपला. ग्रुपवरचा फोटो मी उडवायला लावतो."

"सर, पण तंबाखू माझ्या तोंडात होती."

"प्रमुख व्हायचंय ना? ट्रेनिंगला काय शिकलात मग? अडवू नका, मार्ग काढा."

हुबेहूब तोच माइकवाला सूर. पण खरी किळस मला त्यांची आली नाही. ते बोलत असतानाच माझ्या डोक्यात वाक्य जुळून आलं होतं, 'पाहणीदरम्यान एका मजुराकडे...' आणि वाक्य चांगलं झालं होतं! सफाईदार, कुठे बोट ठेवायला जागा नाही. तोंडातल्या तंबाखूची चव एकाएकी घाणेरडी लागली, म्हणजे जी मी मघाशीच थुंकली होती तिची.

"नाही," मी म्हणालो. प्रशिक्षणानंतरचं पहिलंच.

मग मी लिहून दिलं ते असं, की 'कोणतीही व्यक्ती' म्हणजे मीही, मी कंपनीचा माणूस, तेव्हा चूक कंपनीची आणि शेतकऱ्याचा प्लॉट नाकारता येणार नाही. मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं. "तुम्ही आपल्या बाजूचे वकील आहात ना?" म्हणाले. मी म्हटलं, "म्हणूनच, सर. कोर्टात गेलो तर हरू." शेवटी मी हात लावलेली ओळ आणि शेजारची एक कंपनीच्या खर्चाने उपटायची ठरली. बाकी झाडांची पानं तपासली, ती निरोगी निघाली. प्रमुखपदी पुण्याहून एक जण आले. ते लवंगसुद्धा खात नाहीत.

निकाल सांगायला मी स्वतःच शेतावर गेलो. बाईंनी लांबूनच हात दाखवला. "तिथंच थांबा. तिथूनच सांगा." मी बांधावरून ओरडून सांगितलं. प्लॉट वाचला. दोन ओळी जातील.

"बरं," त्या म्हणाल्या. बादली उचलून माझ्यासमोर ठेवली. "बुडवा हात."

"ताई, मी आत येतच नाही ना."

"तरी बुडवा. च्या प्यायचा हाये ना?"

मी कोपरापर्यंत बुडवले. दुपारचं ऊन, दूध केव्हाच आंबलेलं. चहाचा कप तोंडाशी नेला तर चहाआधी माझ्या हाताचा वास नाकात शिरला, दही, चुना आणि जुनी तंबाखू. बाई समोर उभ्या राहून बघत होत्या, म्हणून शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

त्यांनी कप परत घेतला तो पदराने धरून.